ब्रेक ठीक होते

१९६१ सालच्या धोंड्याच्या महिन्यात अकोल्याहून बाळापूरकडे निघालेली एक काळी मोटार गावाअलीकडच्या उतारावर रस्ता सोडून कडुनिंबावर आदळली. सकाळची वेळ होती. मोटारीत एकटा दिनकर होता — माझ्या बायकोचा थोरला भाऊ. त्याच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. समोरून बैलगाडीत वांगी घेऊन येणारे नवरा-बायको वाचले, बैलही वाचले.

हे दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या आमच्या दैनिकात छापून आले. बातमी मी लिहिली होती. तिच्यात चूक नव्हती — म्हणजे, जे छापले त्यात नव्हती. जे छापले नाही ते मी आजवर कोणालाच सांगितलेले नाही. बायकोला नाही, संपादकांना नाही, कोर्टाला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, ते तुम्ही जवळचे म्हणून नव्हे. तुम्ही मला ओळखत नाही आणि वाचताना तुमचे तोंड मला दिसणार नाही, म्हणून.

आधी दिनकरबद्दल सांगतो. सुरुवात त्याच्यापासून करणे माझ्या सोयीचे आहे, हे मला कळते. तरी करतो.

दिनकर मला आवडत नव्हता. आजही आवडत नाही. गुडघा मोडला म्हणून माणूस चांगला होतो का? मोठ्याने बोलायचे, मोठ्याने हसायचे, दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ द्यायचे नाही — अकोल्यात त्याची हीच ओळख होती. मोटारसायकल अशी हाणायचा की गल्लीतल्या बाया त्याचा आवाज आला की पोरांना आत ओढत. विहिरीवरची इंजिने विकणाऱ्या एका कंपनीची एजन्सी त्याला मिळण्याच्या बेतात होती. बाळापूर, अंजनगाव, मोर्शीपर्यंत बागाइतदारांकडे फिरायचे काम. म्हणून कंपनीची अट एकच — एजंटकडे स्वतःची मोटार हवी. सासऱ्यांची जुनी विलायती मोटार त्यांच्या पश्चात घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. इंजिन सुरू होई. ब्रेक लागत नसत.

आणि माझे त्याच्याशी काय वाकडे होते? सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मोर्शीच्या एका संत्रा व्यापाऱ्याच्या निधनाची बातमी दिली. वारला होता त्याच नावाचा त्याचा चुलतभाऊ. दुसऱ्या दिवशी व्यापारी अंक घेऊन कचेरीत आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला. तेव्हापासून मी कोणतीही गोष्ट दोन माणसांना विचारल्याशिवाय लिहीत नाही. कचेरीत लोक ती चूक विसरले. दिनकर विसरला नाही. जेवणाच्या प्रत्येक पंगतीत, नवा माणूस भेटला की —

“हे आमचे जवाईबापू. जित्या माणसाले पेनानं मारते. यमाले बी इतकी घाई नसते, बापा!”

पंगत हसे. माझी बायको कुसुमही पदर तोंडाला लावून हसे. मीही हसत असे. जावयाने रागावून कसे चालेल?

धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. आमच्या वऱ्हाडात या महिन्यात लेक-जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे करून घालतात, अनारशांचे वाण देतात. जावयाच्या रूपाने नारायण जेवून जातो, असे जुन्या बाया मानतात. सासूबाई मानत. त्या महिन्यात माझ्या ताटाला त्या आधी नमस्कार करत आणि मग वाढत. मी रजा काढून कुसुमसह अकोल्याला गेलो होतो. दिनकर म्हणाला, स्टेशनाकडचा मिस्त्री बोलावून ब्रेक करून घेतो. मी म्हणालो, मिस्त्रीची गरज नाही, मी करतो. मोटारीबरोबर आलेले पुस्तक मी सासरे असतानाच वाचले होते. इंग्रजी मला येत होते, दिनकरला येत नव्हते. मला ते सर्वांसमोर सिद्ध करायचे होते. यापेक्षा मोठे कारण नव्हते.

“पेपरवाल्याच्या हाती पाना!” दिनकर ओरडला. “आये, आता पाहजो — उद्या छापून येते का नाई. चाक निघालं, मालकाले सापडलं नाई!”

मी चाके काढली.

ब्रेक कसे असतात हे थोडक्यात सांगावे लागेल, नाहीतर पुढचे समजणार नाही. पेडल दाबले की मोठ्या सिलिंडरमधले तेल नळ्यांतून चाकांपर्यंत ढकलले जाते. चाकातला छोटा सिलिंडर त्या दाबाने ब्रेकचे पट्टे ड्रमवर आवळतो. तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकाला पोचतो. नळीत हवा शिरली तर पायाचा जोर हवा दाबण्यात जातो. पेडल नरम लागते, पोकळ लागते. म्हणून दुरुस्तीनंतर हवा काढायची असते. प्रत्येक सिलिंडरला त्यासाठी एक स्क्रू असतो. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने स्क्रू सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि पुन्हा आवळायचा.

मी पुढच्या चाकांचे सिलिंडर काढले, धुतले, नवी रबरे घातली, बसवले. कुसुम सीटवर बसून पेडल दाबत होती. मी चाकाशी आडवा पडून काचेच्या बरणीतले बुडबुडे बघत होतो. बुडबुडे थांबले. स्क्रू आवळला. कुसुम म्हणाली, “अहो, अजून पोकळच लागते.”

मग मी एक-एक शक्यता तपासली. हे काम मला चांगले जमते — बातमीचेही असेच असते. चाकांच्या आतून तेल गळते आहे का? नाही, कोरडे होते. टाकीतले तेल उतरते आहे का? नाही. पेडलवर पाय रोवून ठेवला तर ते हळूहळू खाली बसते का? बसत नव्हते, म्हणजे मोठा सिलिंडर चांगला. पट्टे ड्रमपासून लांब आहेत का? ते जवळ आणून पाहिले, फरक पडला नाही. पण एकापाठोपाठ दोन-तीनदा पेडल मारले की ते वर येई, घट्ट होई. घटकाभर सोडले की पुन्हा नरम. याचा अर्थ एकच — आत हवा होती. पुन्हा काढून पाहिली. एक बुडबुडा आला नाही. मग हवा होती कुठे?

जेवणानंतर सगळे लवंडले तेव्हा मी पुस्तक पुन्हा उघडले. सिलिंडर बसवताना हवा काढायचा स्क्रू वरच्या बाजूला यावा, असे एक वाक्य होते. मी शेडमध्ये जाऊन वाकून पाहिले. दोन्ही चाकांचे स्क्रू खालच्या बाजूला होते. धुताना मी उजव्या-डाव्याची अदलाबदल केली होती. हवा वर जाते. ती सिलिंडरच्या माथ्यावर अडकून होती आणि मी तळातून तेल काढत होतो. कितीही काढले तरी ती निघणार नव्हती.

दुरुस्ती अवघड नव्हती. दोन्ही चाके पुन्हा काढायची, सिलिंडर बदलून बसवायचे. संध्याकाळपर्यंत झाले असते. मग केले का नाही?

कारण दिनकर त्याच वेळी शेडच्या दारात येऊन उभा राहिला. सुपारी कातरत होता. “झालं का, जवाईबापू? का मिस्त्रीले निरोप धाडू?” दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा माणूस बाळापूरला येणार होता. मोटार त्याला दाखवायची होती; तिच्यावर एजन्सी ठरणार होती. आता चाके काढली असती तर तो विचारणार होता, कावून? आणि मला कारण सांगावे लागले असते — उजवे-डावे चुकले. मला पुढच्या सगळ्या पंगती दिसल्या. पेनाने माणूस मारणारा जावई, त्याला उजवा हात कोणता तेही कळत नाही. त्याचा आवाज मला आधीच ऐकू येत होता.

मी म्हणालो, “झालं.”

तो आत बसला आणि पेडल दाबले. पुन्हा दाबले. त्याचा चेहरा पहिल्यांदाच हसरा नव्हता.

“नरम लागून राह्यलं हे.”

“नवी रबरं आहेत,” मी म्हणालो. “बसायला वेळ लागतो. तोवर थांबवताना दोन-तीनदा मारायचं, येतं वर.”

“पर उतारावर येकदम थांबाची पाळी आली त? मले सांगा. कोन दोनदा मारत बसन?”

प्रश्न बरोबर होता. तेवढ्यात सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दारात आल्या. त्यांनी शेवटचे शब्द ऐकले होते.

“दिनकर! धोंड्याच्या महिन्यात जवायाले उलट इचारते काय रे? थे म्हन्ते ना ठीक हाय, मंग ठीक हाय.”

दिनकर गप्प झाला. तो आईपुढे गप्प होत असे, हा त्याचा एकच गुण मला माहीत आहे. त्या घरात त्या महिन्यात माझ्या शब्दाला शंका नव्हती. मला ते माहीत होते. मी तांब्या घेतला आणि पाणी प्यायलो.

तुम्हाला वाटेल, कबुली संपली. हेच ते — खोटे बोलला, माणूस लंगडा झाला. नाही. इथवर असते तर मी कधीतरी कोणाला तरी सांगितले असते. भीतीपोटी खोटे बोललो, असे म्हणून रडताही आले असते. पुढचे भीतीपोटी नाही.

अपघाताची खबर आली तेव्हा मी अकोल्यातच होतो. बाळापूरला गेलो, बैलगाडीवाल्याला भेटलो. तो तिथलाच, भाजीचा मळा करणारा. त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. मोटार लई जोरात होती. आणि उतार सुरू झाल्यापासून हॉर्न सारखा वाजत होता. ड्रायव्हर हात बाहेर काढून ओरडत होता — बाजूले व्हा, बाजूले व्हा — आणि मोटार बैलगाडीवर येणार असे दिसताच त्यानेच मोटार झाडाकडे वळवली. “त्यानं वळवली म्हून आमी हाओ, सायेब,” त्याची बायको म्हणाली.

अमरावतीला मी फोनवर बातमी सांगितली. मोटार भरधाव होती, असे प्रत्यक्षदर्शी सांगतात. हे खरे होते. हॉर्न मी वगळला. वळवल्याचे वगळले. जागा कमी होती का? नव्हती. त्या दिवशी अंकात जागा भरपूर होती.

संध्याकाळी इस्पितळात गेलो. दिनकर शुद्धीत होता. पाय फळीला बांधलेला, ओठ सुकलेले. कुसुम आणि सासूबाई बाहेर बाकावर होत्या. त्याने मला खाली वाकायला सांगितले.

“तीनदा मारलं,” तो म्हणाला. “तवा कुठं जरासं आलं. तवरिक झाड आलं.” मग थांबला. दम लागत होता. “मोटार तपासाले सरकारी साहेब येनार हाय. त्याले सांगा, पेडल नरम होतं. बस. कोनाची चूक, कायची चूक, काई नका सांगू. नरम होतं, येवढंच सांगा.”

मी म्हणालो, सांगतो.

त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा एकही टोमणा नव्हता. मी तो चेहरा बघत होतो आणि मला काय वाटले माहीत आहे? दया नाही. वाटले — आता हा मला विनवतो आहे. मला ते आवडले.

मोटार बैलांनी ओढून बाळापूरच्या पोलीस ठाण्याच्या आवारात आणून ठेवली होती. रेडिएटर फुटला होता, पुढचा पत्रा आत गेला होता. चाके आणि नळ्या शाबूत. मोटार तपासणारा अधिकारी भर दुपारी आला. ऊन असे होते की पत्र्याला हात लावता येत नव्हता. तो म्हणाला, गाडी आधी झाडाखाली सावलीत घ्या. शिपाई ढकलायला लागले. स्टिअरिंग धरायला कोणीतरी हवे होते. मी बसलो.

आता सांगतो.

सावलीत आल्यावर मोटार थांबवायची होती. मी पेडल मारले — एकदा, दोनदा, पुन्हा. ते वर आले, घट्ट झाले. मोटार थांबली. पाय काढला असता तर ते घटकाभरात पुन्हा नरम झाले असते. अधिकारी दुसऱ्या बाजूने येत होता, दार उघडत होता. मी पाय काढला नाही. तो वाकून आत येईपर्यंत मी मारत राहिलो — हळू, आवाज न करता, समोर बघत. मग पाय बाजूला घेतला. त्याने लगेच हात लांब करून पेडल दाबले. पुन्हा दाबले. लाकडासारखे घट्ट होते.

“ब्रेक तर आहे,” तो म्हणाला. “दुरुस्ती कोणी केली?”

“मीच.”

“काही दोष राहिला होता?”

“नाही. ब्रेक ठीक होते.”

त्याने मान डोलावली. शिकलेला, पेपरातला माणूस, जखमीचा मेहुणा. तो खोटे कशाला बोलेल? पेडल नरम का लागते, हे मी शेडमध्ये शोधून काढले होते. ते घट्ट कसे दाखवायचे, हे मला त्यातूनच कळले होते. त्या आवारात माझा पाय एकदाही चुकला नाही. भीती असती तर काहीतरी झाले असते ना? मी शांत होतो. माझे हिशेबी डोके चांगले चालले होते.

भरधाव आणि बेदरकारपणे मोटार चालवल्याचा खटला उभा राहिला. दिनकर म्हणाला, ब्रेक लागला नाही. असे प्रत्येक ड्रायव्हर म्हणतो; त्याची मोटारसायकल हाणण्याची सवय सगळ्या अकोल्याला ठाऊक होती. बैलगाडीवाल्याने हॉर्नचे सांगितले. पण तपासणीत ब्रेक चांगले निघाले होते आणि ते दुरुस्त करणारा तेच सांगत होता. दिनकरच्या वकिलाने माझी उलटतपासणी घेतली नाही. मला तेव्हा आश्चर्य वाटले. दिनकरला दंड झाला, मोटार चालवण्याचा परवाना गेला. एजन्सी कंपनीने दुसऱ्याला दिली. गुडघा पुन्हा वाकला नाही. निकालाची बातमीही मीच दिली, चार ओळींत.

निकालानंतर मी कुसुमला आणायला अकोल्याला गेलो. दिनकर ओसरीत खुर्चीवर होता, पाय समोर स्टुलावर ताठ. घरात बाकी कोणी ऐकण्याच्या टप्प्यात नव्हते. त्याने मला बसा म्हटले नाही.

“साहेबाच्या आंधी मोटारीत कोन बसलं होतं?”

शिपाई, म्हणावे असे मनात आले. तेवढे तोंडातून निघाले नाही.

“मले तुमीच सांगतलं होतं ना, दोन-तीनदा मारा म्हनून,” तो म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. “वकील म्हनत होता, याले पिंजऱ्यात धरतो, सोलून काढतो. मी म्हनलं, येक सवाल नाई इचाराचा. आता अपील कर म्हन्ते. वरच्या कोर्टात तुमाले पुन्हा बलावतो म्हन्ते.”

“मग?”

“मंग काय? कुसुम तुमच्या घरी हाय.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता. सासूबाई माझ्यासाठी चहा करत होत्या.

“तिले येऊ देत जा,” दिनकर म्हणाला. “तुमी या दारात पाय नका ठेवू. आयेले मी काईबी सांगन. तुमी चहा प्या अन् निंगा.”

मी चहा प्यायलो. निघालो. वाटेत कुसुमने विचारले, दादा काय म्हणत होता? मी म्हणालो, तापट झाला आहे, माझ्यावर राग काढतो आहे. तिने पुढे विचारले नाही. पेडल पोकळ लागते, हे तिच्याच पायाला आधी कळले होते. ती त्याबद्दल तेव्हाही बोलली नाही, नंतरही नाही. मी आजवर तिला विचारलेले नाही की तिला काय माहीत आहे. नातेवाइकांत मी एवढेच सांगतो की दिनकर माजला आहे, म्हणून जाणे बंद केले. लोक मानतात. दिनकरचा स्वभावच तसा, असे म्हणतात.

मला पश्चात्ताप झाला का, हे तुम्ही विचाराल. खरे सांगू? मला राग आला. टोमणे मारणारा दिनकर मी सहन करत होतो. मला वाचवणारा दिनकर मला सहन झाला नाही. त्याने अपील करावे, मला उभे करावे, सोलून काढावे, असे मला काही दिवस वाटत होते. मग त्याच्याबद्दल मला उघड वाईट बोलता आले असते. मी जिल्हा कोर्टाच्या बातम्यांसाठी आठवड्यातून एकदा अकोल्याला जात असे. दर वेळी कारकुनाकडे नव्या अपिलांची चौकशी करत असे. ती माझ्या कामाचीच होती; कोणाला काही वाटले नाही.

अपिलाची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी गेलो. कारकुनाला विचारले, मग शिरस्तेदाराला विचारले. दोघांनी एकच सांगितले. अपील दाखल झालेले नव्हते.